बोडख्या बेटावरचा आंबा

१७ मे १९८७, रविवार

आज बाजारात पुन्हा शोभा! आत्याबाईंनी टोपलीतला आंबा उचलला, नाकाला लावला, परत ठेवला. दुसरी टोपली— तेच. तिसरी— तेच. आंबेवाली खवळली, "घ्यायचा न्हाई तर हुंगायलाव कामून, म्हातारे?" आत्याबाई ढिम्म. चौथ्या टोपलीकडे निघाल्या. मी पिशवी धरून मागे मागे, आणि समोर नेमके माझ्या शाळेतल्या पोरांचे आईबाप. त्यांच्याकडे बघून कसंनुसं हसून हसून माझे गाल दुखले.

शेवटी घेतले कुठले तरी. घरी येऊन एक फोड तोंडात टाकली आणि ठरलेलं वाक्य— "ह्याला आंबा म्हणत्यात का?" पाच वर्षं झाली मला सेलूला या घरात येऊन. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, पसंत पडलेला एकही आंबा मी अजून पाहिलेला नाही. सुनेचंही तसंच म्हणा. पण तो विषय आज नको.

१८ मे, सोमवार

तोच विषय आहे, दुसरा कुठला! नांदेडला बी.एड.ला माझं नाव लागलंय. दहा जूनच्या आत जाऊन प्रवेश घ्यायचा, वर्षभर वसतिगृहात राहायचं. पहिलीच्या पोरांकडून बाराखडी घोटवून घेण्यात माझी सात वर्षं गेली. बी.ए. केलं ते घरातली कामं आटोपून, चुलीपुढे बसून. हायस्कूलवर शिकवायचं तर बी.एड. हवंच. मला जायचं आहे. खूप जायचं आहे.

हे म्हणतात, "आई हो म्हणाली तर माझी ना नाही." वा! स्वतःच्या अंगावर काही घ्यायला नको. पण खोटं तरी कसं म्हणू— मंजू चार वर्षांची आहे, हे दिवसभर कापसाच्या जिनिंगमध्ये. पोरीला बघणार त्या आत्याबाईच. त्या नाही म्हणाल्या की संपलं.

मार्चमध्ये एकदा विषय काढला होता. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बाई एकदा घर सोडून गेली की मागं घर राहत न्हाई." एवढंच. पुढचे दोन दिवस माझ्याशी बोलणं नाही.

आता जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा विचारायचं. तोवर मी आदर्श सून. पदर डोक्यावर, भाकरी पातळ, उलट उत्तर नाही.

२० मे, बुधवार

आदर्श सून दोन दिवसांत निकालात निघाली. पार्वती आली होती पाथरीहून.

डी.एड.ला आम्ही तिघी एका खोलीत होतो— मी, पार्वती आणि केवळा. तेव्हापासून एकच टुमणं, एकदा समुद्र बघायचा! समुद्र आहे तिथे आहे, आम्हीही आहोत तिथेच. शाळेत चौथीचा भूगोलही माझ्याकडेच, दरवर्षी शिकवते, बेट म्हणजे चारही बाजूंनी पाण्याने वेढलेली जमीन. यंदा एका पोराने विचारलं, "बाई, तुमी बघितलंय?" म्हटलं, गप बस, पुढचा धडा काढ.

पार्वती म्हणाली, "कोकणात जायचं तर आपल्या नवऱ्यांना इकावं लागंल. केवळा म्हनती, येलदरीला चला. धरणाच्या पाण्यात बेटं हायती. तिचा भाऊ मेंढरं घेऊन उन्हाळाभर तिथंच असतो. वाळू हाय, पाणी हाय. समुद्रात आजून काय असतं?"

"मीठ," मी म्हटलं.

"ते घरून नेऊ की!"

शनिवारी जायचं, रविवारी परत. भाकरी बांधून न्यायची, राहायचं मेंढरांशेजारी, म्हणजे एस.टी.चं तिकीट सोडून खर्चच नाही. घरी सांगायची थापही पार्वतीनेच काढली— मास्तरांचं प्रशिक्षण, परभणीला, मुक्कामी. या सुट्टीत ठिकठिकाणी चालूच आहेत तसली.

मी हो म्हटलं. ऐन विचारायच्या तोंडावर असलं खोटं! पकडले गेले तर नांदेड गेलं, हे मला नीट कळतंय. पण नांदेड असं कुठे हातात आहे? निदान बेट तरी बघते.

२२ मे, शुक्रवार

सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, "सुट्टीत कसली शाळा?" म्हटलं, मास्तरांची शाळा. ह्यांनाही खरं सांगितलं नाही— ह्यांच्या पोटात तीळ भिजत नाही.

तंबूला कापड हवं होतं. आत्याबाईंच्या ट्रंकेत तळाशी एक जुनं हिरवं लुगडं आहे. मामंजी गेल्यापासून हिरवं नेसत नाहीत, पण टाकतही नाहीत. नऊवार— तंबूला भरपूर. पिशवीत कोंबलं. परत आले की जागच्या जागी ठेवून देईन.

२३ मे, शनिवार. बेटावर

बेटावर बसून लिहितेय! उजेड आहे तोवर लिहून घेते.

सेलू ते जिंतूर, जिंतूर ते येलदरी. दोन्ही गाड्यांत उभं राहून. येलदरीच्या फाट्यावर केवळा होती, डोक्यावर घोंगडी घेऊन. दहा वर्षांत एवढीशीही जाड झाली नाही, पार्वतीने तिथेच तिच्याशी भांडण काढलं. मग पायी. खडक नुसता भाजत होता. आणि एका चढावरून एकदम पाणी! निळं नाही, मातकट हिरवं, पण पार तिकडच्या डोंगरापर्यंत. पार्वती म्हणाली, "माय माय माय."

येडबा— केवळाचा धाकटा भाऊ— काठावर उभा होता. लाल फेटा, कानात बाळी, बोलणं मोजून. मी विचारलं, नाव कुठे आहे? त्याने बोट दाखवलं. नाव कसली, गूळ आटवायची काहील! कुठल्याशा बंद पडलेल्या गुऱ्हाळातून आणलेली, माणूस आडवा झोपेल एवढी.

पार्वती म्हणाली, "मी न्हाई बसत. मी काय गूळ हाय?"

येडबा म्हणाला, "बसा आक्का, मधोमध. हालू नगा. चार चार मेंढरं नेतो मी एका बारीला. ती गप बसत्यात."

बसलो. काहील सरळ जातच नाही, गरगरत जाते. एकदा तोंड जिंतूरकडे, एकदा सेनगावकडे. पार्वती डोळे मिटून सगळ्या देवांना हाका मारत होती आणि आम्ही दोघी हसून हसून कलंडायला आलो. येडबा एकदाही हसला नाही.

पहिलं बेट मेंढरांचं. लांडगा पाण्यातून येत नाही, म्हणून उन्हाळ्यात मेंढरं इथे बिनघोर असतात. वास विचारू नका. दुसरं बेट आमचं. एका अंगाला बारीक वाळू, नदीची जुनी वाळू आहे म्हणे. तिथे येडबाच्या काठ्या रोवून हिरव्या लुगड्याचा तंबू केला. छान झाला! वारा आला की फुगतो आणि लाल काठ फडफडतो. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, कांदा. मीठ आणलंच होतं पार्वतीने.

दुपार कलल्यावर तिसऱ्या बेटावर गेलो. येडबा त्याला बोडखं म्हणतो. नुसती टेकडी, झुडूप नाही, गवत वाळून गेलेलं, आणि वर टोकाला एकच आंब्याचं झाड. चढताना, जिथून पाणी ओसरलंय तिथे, पायात घडीव दगड येत होते, भिंतींचे असावेत. एक फुटकं जातं होतं. पार्वती म्हणाली, "कुनाचं तरी घर हुतं गं हितं." येडबाला विचारलं, कुठलं गाव? तो म्हणाला, "काय की. गाव उठलं तवा मी पाळण्यात हुतो. आमी येतो तवापून बोडखंच म्हंतो."

झाड मात्र भरलेलं! बुंध्यात ही मोठी ढोली, त्यात राघू. आंबे लहान, लांबट, नाक वाकडं. पाडाला लागलेले. मी एक चोखला— आधी आंबट, मग गोड, आणि शेवटी घशात ओवा चावल्यासारखं काहीतरी. पार्वतीने थुंकून टाकला, म्हणाली, "पोट दुखल्यावर खायचा आंबा हाय ह्यो." मला आवडला. मी पिशवीभर घेतले. म्हटलं आत्याबाईंना देऊन बघू. बाजारातला एकही पटत नाही, हा तरी पटतो का! पटला तर त्याच तोंडाने नांदेडचं विचारायचं. लाचच म्हणायची, दुसरं काय.

आता दोघी पाण्यात पाय सोडून बसल्यात. मघाशी पार्वतीच्या डोळ्यांत पाणी होतं. विचारलं, काय झालं? म्हणाली, "काय न्हाई. सकाळपून कुनी हाक मारली न्हाई मला, म्हनून." केवळाने तिच्या पाठीवर हात ठेवला. मी आज फार खूश आहे. कशासाठी, ते सांगता येणार नाही.

२४ मे, रविवार

घरी. पाठ सोलली आहे, नाक लाल. विचारलं तर सांगायचं, प्रशिक्षण मांडवात होतं. लुगडं झटकून ट्रंकेत टाकलं. आंबे आत्याबाईंपुढे ठेवले— परभणीहून आणले म्हटलं.

एक उचलला. नाकाला लावला. मी वाट बघत होते, आता ठेवतील खाली. ठेवला नाही. तसाच नाकाशी धरून बसल्या. मग आत गेल्या आणि आतून कडी लावली!

२५ मे, सोमवार

आंबा पटला की नाही ते देव जाणे, पण माझी उलटतपासणी सुरू झाली.

"कुठून घेतलेस?"

बाजारातून.

त्यात शेजारचे तात्याराव टपकले, नेहमीसारखे बातम्या घेऊन. "परवा परभणी सगळी बंद हुती म्हणं. नामांतराचा मोर्चा. मास्तरीणबाई, तुमी तिथंच हुताव की!" मी म्हटलं, आम्ही आतच होतो, काही कळलं नाही. तात्याराव गेले. आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या.

"बाजार बंद हुता, मंग आंबे?"

रविवारी घेतले. निघताना. स्टँडच्या बाहेर.

"बाई हुती का बाप्या?"

बाई.

"कशी हुती?"

आता काय सांगू! टोपलीवाली बाई कशी असते तशी सांगितली— वयस्कर, ठेंगणी, गोंदलेली.

"हनुवटीवर गोंदलेलं हुतं? तीन ठिपके?"

म्हटलं, हो. तीनच असतील.

आत्याबाई उठून उभ्या राहिल्या. परत बसल्या. मग म्हणाल्या, "बरं." मला वाटलं, आता चिडणार. चिडल्या नाहीत. त्याचीच जास्त भीती वाटतेय.

२६ मे, मंगळवार

कोय धुऊन खिडकीत वाळत घातली आहे. कुणी हात लावायचा नाही म्हणे. मंजूने लावला तर तिलासुद्धा रागावल्या— मंजूला कधी नाही त्या!

२८ मे, गुरुवार

संपलं सगळं. आत्याबाई सकाळच्या गाडीने परभणीला गेल्या. एकट्या! नदीवर पर्वणीला चला म्हटलं तरी न येणारी बाई. ह्यांनी विचारलं तर म्हणाल्या, "काम हाय." मला कळलं काय काम आहे ते. माझं खोटं पकडायला निघाल्या. तिथे चार जणांना विचारलं की मास्तरांचं कुठलं प्रशिक्षण आणि कुठलं काय!

दिवसभर कशातच लक्ष नाही. वरणात दोनदा मीठ पडलं.

संध्याकाळी आल्या. पाय धुतले, पाणी प्यायल्या. मी समोर उभी, फाशीच्या कैद्यासारखी. त्या म्हणाल्या, "भेटली न्हाई." आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. बस, एवढंच. प्रशिक्षणाचा ‘प्र’ नाही.

कोण भेटली नाही? ती आंबेवाली? माझ्याविरुद्ध साक्षीदार हवी असेल. या म्हातारीचं डोकं वकिलाचं आहे.

३० मे, शनिवार

आज पुन्हा गेल्या! ह्यांनी अडवलं, ऐकलं नाही. दुपारी ओळखीच्या एका माणसाने धरून घरी आणलं. स्टँडबाहेर रस्त्याच्या कडेला बसून होत्या म्हणे, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक टोपलीवालीच्या हनुवटीकडे बघत. ऊन लागलंय. अंग तव्यासारखं. तळपायांना कांदा चोळला, पन्हं पाजलं. पन्हं घशाखाली जात नव्हतं.

आणि मी? मला राग आला होता. खरं लिहिते— राग! एक खोटं पकडायला जीव द्यायला निघाली ही बाई, असं मनात आलं.

३१ मे, रविवार

ताप उतरला नाही. झोपेत "कासे, कासे" करत होत्या. ह्यांना विचारलं, कासे कोण?

ह्यांनी सांगितलं ते तसंच उतरवते. आत्याबाईंचं माहेर येलदरीच्या पाण्याखाली गेलं. हे तेव्हा दहा-अकरा वर्षांचे होते. मामा निजामाबादकडे गेले ते तिकडचेच झाले. बाकीचं गाव कुठे कुठे पांगलं. कासाबाई आत्याबाईंची मैत्रीण, शेजारची. दोघींनी एकाच दिवशी गोंदून घेतलं होतं— आत्याबाईंनी कपाळावर, तिने हनुवटीवर. पुढे तिचा पत्ताच लागला नाही.

"तू तो आंबा आणलास ना, आई म्हणते तो त्यांच्या बांधावरचा. ओव्या म्हणायचे त्याला. तसल्या वासाचं झाड त्या सगळ्या भागात एकच होतं. आई म्हणते, आंबा कासीनंच विकायला आणलेला. म्हणजे कासी जिवंत आहे."

मी म्हटलं, मला कुणी हे का नाही सांगितलं? मला वाटत होतं माहेर निजामाबादकडेच.

हे म्हणाले, "तू कधी विचारलंस?"

नाही विचारलं. पाच वर्षांत एकदाही नाही. दर उन्हाळ्यात त्या टोपल्या हुंगत फिरायच्या आणि मी मागे लाजून मरायची.

हनुवटीवर तीन ठिपके. हो म्हटलं मी! तोंडाला आलं म्हणून हो म्हटलं!

१ जून, सोमवार

दहा तारीख जवळ आली. गप्प बसले तर काय होईल, याचा विचार केला. म्हातारी बरी होईल, पुन्हा परभणीला जाईल, पुन्हा रस्त्यावर बसेल. कधीतरी थकेल. माझं खोटं कुणाला कळणार नाही. कदाचित नांदेडही मिळेल, आता त्या माझ्यावर खूश आहेत— कासीचा निरोप आणल्यासारखं वागतात माझ्याशी. काल तापातसुद्धा मंजूला म्हणाल्या, "तुज्या आईनं शोधलं बरं का."

छे. हे नाही जमायचं.

दुपारी मंजूला शेजारी पाठवलं आणि सांगून टाकलं. प्रशिक्षण नव्हतं. येलदरीला गेले होते. काहील, येडबा, बोडखं बेट, सगळं. आंबे तिथले. बाई नव्हतीच.

आत्याबाई पडल्या पडल्या ऐकत होत्या. म्हणाल्या, "हनुवटीवर तीन ठिपके?"

म्हटलं, तुम्ही विचारलं म्हणून हो म्हटलं.

"म्हंजी कासी न्हाई."

नाही.

मला वाटलं झोपल्या. मग— "झाड हाय?"

आहे. भरलंय.

"बुंध्याला ढोली?"

आहे. राघू आहेत त्यात.

त्या भिंतीकडे वळल्या. त्यांच्या पाठीकडे बघत मी बसून राहिले. रडू नका, असं म्हणायचीही माझी लायकी नव्हती.

२ जून, मंगळवार

ताप उतरला. सकाळी पेज घेऊन गेले तर म्हणाल्या, "दोन बाऱ्या उन्हात बसविलंस मला. मेलेली माणसं जिती करून सांगितलीस. आता नांदेडचं नाव काढू नगंस माज्याम्होरं."

बरोबर आहे. दुपारी पार्वतीला सांगायला निरोप धाडला की मी जात नाही. मग भांडी घासताना रडले, राखेच्या हातांनीच डोळे पुसले, आणखी झोंबले.

४ जून, गुरुवार

आज ट्रंक उघडली. हिरवं लुगडं बाहेर काढलं, नाकाला लावलं. या बाईपुढे काही म्हणजे काही लपत नाही!

"ह्याला मेंढराचा वास कामून यायलाय?"

सांगितलं— तंबू केला होता.

लुगडं मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसल्या. काठावरून हात फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "आईनं घेतलेलं हाय ह्ये. शेवटचं." मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. तेवढ्यात घडी घालून माझ्या हातात दिलं.

"ती काहील हाय का आजून?"

आहे.

"शनिवारी जाऊ. त्या तुज्या मैतरणींनाबी बलीव. मला एकटीला भ्या वाटतं पाण्याचं."

६ जून, शनिवार. बोडख्या बेटावर

काहिलीत चौघी. आत्याबाई मधोमध, पार्वतीचा हात धरून. कोण कोणाला धीर देत होतं कळत नव्हतं.

वर चढल्या त्या सरळ, न थांबता. फुटक्या जात्यापाशी बसल्या, त्यावर हात ठेवला. "ह्ये आमचंच," म्हणाल्या. मग झाडाखाली. आंबा एकही तोडला नाही, खाली पडलेलाच एक घेतला. आम्ही लुगड्याचा तंबू त्याच झाडाखाली केला. गाठी त्यांनीच मारल्या, आमच्या त्यांना पटेनात.

मघाशी आम्ही दोघीच होतो. खाली पाण्याकडे बघत म्हणाल्या, "पाणी यायच्या आधी आईचा सांगावा आलता. येकदा येऊन जा, घर बघून जा. म्या लय विनवलं. माज्या सासूनं सोडलं न्हाई."

त्यांनी कोय चोखून पांढरी केली, पदराला पुसली.

"कस्तुरा, नांदेडची गाडी किती वाजता असती गं?"